अलास्का हायवे, डेम्पस्टर आणि उत्तरेकडची राष्ट्रीय उद्याने : एकट्याने गाडीने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाचा युकॉन प्रदेश, त्याला लागून असलेला नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा पश्चिम भाग आणि अमेरिकेतील अलास्का या पट्ट्यात एकट्याने गाडी चालवत जाण्याचा विचार करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही सर्व उत्तरे उन्हाळ्यातील प्रवासाला धरून आहेत. शुल्क, फेरीबोटींच्या तारखा आणि उद्यानांची वेळापत्रके दरवर्षी बदलत असल्याने ती निघण्याच्या आठवड्यात अधिकृत ठिकाणी पाहून घ्यावीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणता मार्ग निवडावा?

अलास्का हायवे हा या साऱ्या प्रवासाचा कणा आहे. ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक येथून निघून व्हाइटहॉर्समार्गे अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत जाणारा हा रस्ता अमेरिकी सैन्याने १९४२ साली युद्धाच्या गरजेपोटी काही महिन्यांत काढला आणि १९४८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. मूळ रस्त्याची अनेक वळणे नंतर सरळ केल्याने आज त्याची लांबी सुमारे २,२३० किलोमीटर भरते. त्यावर गावे, पेट्रोलपंप आणि राहण्याच्या जागा बऱ्यापैकी नियमित अंतरावर मिळतात. म्हणून या भागाचा अनुभव नसलेल्याने आधी हाच रस्ता घ्यावा, हेन्स जंक्शन आणि क्लुआनी सरोवराच्या परिसरात काही दिवस काढावेत आणि तेथे जुळलेल्या अंदाजावर पुढचे ठरवावे, असे आमचे मत आहे.

डेम्पस्टर हायवे ही त्यापुढची पायरी आहे. डॉसन सिटीपासून सुमारे ४० किलोमीटर पूर्वेला क्लोंडाइक हायवेवरून तो फुटतो, टूमस्टोन पर्वतरांगेतून आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जातो, आणि जवळजवळ संपूर्ण खडीचा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इनुविक ते टुक्टोयाक्टक हा सुमारे १४० किलोमीटरचा बारमाही रस्ता सुरू झाल्यापासून सार्वजनिक रस्त्याने थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत पोहोचता येते. अलास्कातील डाल्टन हायवेही उत्तरेला जातो. पण तो डेडहॉर्स येथे समुद्राच्या अलीकडेच थांबतो आणि पुढे तेलक्षेत्राच्या हद्दीतून परवानगी असलेल्या वाहनानेच जावे लागते.

अलास्का हायवे डांबरी आहे, मग त्यावर काळजी कशाची?

डेस्ट्रक्शन बे ते अलास्काची सीमा या टप्प्यात रस्त्याखाली कायम गोठलेली जमीन, म्हणजे परमाफ्रॉस्ट आहे. डांबराचा काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, खालचा बर्फ असमान वितळतो आणि रस्त्यावर लांबट उंचवटे व खळगे तयार होतात. दुरून रस्ता सपाट दिसतो, आणि ताशी ९० किलोमीटरने त्या खळग्यात गेलेली गाडी पलीकडे उसळते. कडेला लावलेली छोटी निशाणे हीच अशा जागांची खूण असते. अनेकदा तीही नसतात. अशा वेळी समोरची मधली पट्टी कोठे वाकडी झाली आहे, ते पाहत राहावे. पट्टी वाकडी दिसली की खाली जमीन हललेली आहे, हे ओळखून वेग कमी करावा.

क्लुआनी सरोवराच्या दक्षिण टोकाला वेगळाच अनुभव येतो. कास्कावुल्श हिमनदी मागे सरकल्यामुळे २०१६ साली तिचे वितळलेले पाणी स्लिम्स नदीऐवजी दुसऱ्या खोऱ्यात, पॅसिफिककडे वळले. सरोवराला मिळणारी नदी त्यामुळे क्षीण झाली आणि तिच्या उघड्या पडलेल्या पात्रातून वाऱ्याबरोबर धुळीचे लोट उठू लागले. हे लोट थेट हायवेवर येतात. हवामानातील बदलाचा परिणाम गाडीच्या काचेतून इतका स्पष्ट दिसावा अशी ठिकाणे फार थोडी असतील. तेथे थांबून तो देखावा जरूर पाहावा, मात्र धूळ उडत असताना दिवे लावून, वेग कमी करून पुढे निघून जावे.

याखेरीज लियार्ड नदीच्या परिसरात बायसनांचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे कळप रस्त्याच्या कडेच्या गवतावर चरत असतात. त्यांचा रंग गडद असल्याने अंधारात ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. ऑगस्टच्या उत्तरार्धानंतर, रात्री पुन्हा काळोख पडू लागल्यावर, या टप्प्यात संध्याकाळनंतर गाडी चालवू नये.

कोणत्या महिन्यात जावे?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. डेम्पस्टरवर पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. हिवाळ्यात तेथे बर्फावरून रस्ता असतो, पण वसंतात बर्फ फुटताना आणि शरदात नदी गोठताना दोन्ही सोयी बंद असतात. जून-जुलैत प्रकाशाची चिंता नसते. इनुविकमध्ये तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. याच प्रकाशाचा एकट्या चालकाला धोकाही असतो, कारण बाहेर उजेड असल्यामुळे थकवा जाणवत नाही आणि मध्यरात्र उलटली तरी माणूस चालवत राहतो. म्हणून रोज किती तासांनी थांबायचे हे घड्याळावर ठरवावे. आम्हांला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा सर्वांत चांगला: डास ओसरलेले असतात, टूमस्टोनमधली टुंड्रा, म्हणजे झाडे नसलेली खुरट्या वनस्पतींची जमीन, लाल-केशरी होते आणि रात्री ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता असते. घाटांत तेव्हा हिमवर्षाव होऊ शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

राष्ट्रीय उद्यानांतून गाडीने फिरता येते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे आधी समजून घेतले नाही तर मोठी निराशा होते. क्लुआनी राष्ट्रीय उद्यान व राखीव क्षेत्र सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचे आहे. कॅनडातील सर्वांत उंच शिखर, ५,९५९ मीटरचे माउंट लोगन, त्यातच आहे. पण हायवे त्याच्या पूर्वेकडच्या कडेने जातो आणि आत जायचे तर पायी, तराफ्याने किंवा छोट्या विमानाने जावे लागते. हायवेवरून दिसतात त्या पुढच्या रांगा. लोगन आणि त्याभोवतीचे अफाट हिमक्षेत्र त्यांच्यामागे दडलेले असते. युकॉनच्या उत्तरेकडील इव्वाविक आणि वुंटुट या उद्यानांना, तसेच अलास्कातील गेट्स ऑफ द आर्क्टिकला रस्ताच नाही.

डेनाली राष्ट्रीय उद्यानात सुमारे १४८ किलोमीटरचा एकच रस्ता आहे, आणि उन्हाळ्यात खासगी गाडीला त्यातील पहिले २४ किलोमीटर, सॅव्हेज नदीपर्यंतच परवानगी असते. पुढे उद्यानाच्या बसने जावे लागते. प्रिटी रॉक्स येथे उताराखालची गोठलेली जमीन सरकल्याने ऑगस्ट २०२१ पासून रस्ता साधारण मध्यावरच तुटला आणि तेथे पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. बस कोठवर जाते हे आरक्षण करण्यापूर्वीच पाहावे.

रँगल–सेंट इलियास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. चिटिनापासून मॅकार्थीपर्यंतचा सुमारे ९७ किलोमीटरचा खडीचा रस्ता जुन्या रेल्वेच्या मार्गावरून त्याच्या आत खोलवर जातो. शेवटी गाडी नदीच्या अलीकडे ठेवून पादचारी पूल ओलांडावा लागतो आणि पलीकडे केनेकॉटच्या तांब्याच्या खाणीची लाल लाकडी इमारत उभी असते. एकट्या प्रवाशाला गाडीने उद्यानाच्या आत नेणारा याहून चांगला रस्ता या भागात नाही.

भाड्याची गाडी चालेल का?

अलास्का हायवेवर कोणतीही सुस्थितीतील गाडी चालते. डेम्पस्टर, डाल्टन आणि मॅकार्थी रस्त्यांवर मात्र अनेक भाडेकंपन्या करारानेच बंदी घालतात. बंदी मोडल्यास विमा लागू होत नाही आणि टोइंगचा संपूर्ण खर्च चालकावर येतो. खडीच्या रस्त्यांसाठी खास गाड्या देणारे व्यावसायिक व्हाइटहॉर्स आणि फेअरबँक्स येथे मिळतात. त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्यावी आणि गाडी ताब्यात घेताना स्टेपनी पूर्ण आकाराची आहे की तात्पुरती बारीक, हे स्वतः डिकी उघडून पाहावे.

टायर आणि दुरुस्तीची तयारी किती असावी?

या प्रवासात सर्वांत जास्त विचार येथे करावा. डेम्पस्टरच्या काही टप्प्यांत पृष्ठभागावर धारदार कपच्यांचा दगड असतो. तो टायरमध्ये सरळ घुसतो किंवा बाजूची भिंत कापतो. भिंत कापली गेली तर पंक्चर काढून उपयोग नसतो, टायरच बदलावा लागतो. म्हणून जाड भिंतीचे, हलक्या ट्रकसाठी असतात तसे टायर घ्यावेत आणि एकट्याने जाताना पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या न्याव्यात. पहिली वापरल्यावर दुसरी हाताशी नसेल तर उरलेले दोनशे किलोमीटर काळजीतच जातात आणि काळजीत माणूस वाईट चालवतो.

सोबत पंक्चरचे दोरे व आरी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, दाबमापक, लांब दांड्याचा पाना आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी असावी, कारण ओल्या खडीत जॅक खचतो. चाक बदलण्याची रंगीत तालीम निघण्यापूर्वी घरच्या अंगणात, त्याच गाडीवर, त्याच हत्यारांनी करावी. कारखान्यात यंत्राने आवळलेले नट हाताने सुटतात का, हे त्या तालमीतच कळते. खडीवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास दगडांचा मार सौम्य होतो. डांबरावर परत येताच ती पुन्हा भरावी. दररोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायरांवरून हात फिरवावा आणि नटांवर पाना लावून पाहावा, कारण सततच्या थरथरीने ते सैल होतात.

पेट्रोलचा हिशेब कसा करावा?

डेम्पस्टरवर डॉसन सिटी ते ईगल प्लेन्स हे अंतर सुमारे ४१० किलोमीटर आहे आणि मध्ये पेट्रोल मिळेल असे धरून चालू नये. डांबरावर शंभर किलोमीटरला १० लिटर पिणारी गाडी चढ, चिखल आणि समोरचा वारा असताना १३ लिटरपर्यंत जाते, म्हणजे या एका टप्प्याला ५० लिटरहून अधिक लागतात. त्यात वाटेत रस्ता बंद होऊन मागे फिरावे लागले तर? म्हणून टाकी पूर्ण भरून शिवाय २० लिटरचा एक कॅन न्यावा. ईगल प्लेन्सपुढे फोर्ट मॅक्फरसन सुमारे १८० किलोमीटरवर आणि तेथून इनुविक जवळपास तेवढेच आहे. डाल्टनवर कोल्डफूटनंतर डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर काहीही नाही. नियम एकच ठेवावा: पंप दिसला की टाकी भरायची, मग ती निम्म्याहून अधिक भरलेली असली तरी. कॅन भरताना तो गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि प्रवासात माणूस बसतो त्या भागात ठेवू नये.

खडीच्या रस्त्यावर गाडी कशी चालवावी?

ताशी ६० ते ७० किलोमीटरने, दिवसाही दिवे लावून. युकॉनच्या हायवेवर दिवे चालू ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. समोरून ट्रक येताना दिसला की उजवीकडे सरकून वेग अगदी कमी करावा, गरज वाटल्यास थांबावे; त्याच्या चाकांनी उडवलेल्या दगडाचा वेग आपल्या वेगात मिळतो आणि काचेला तडा जातो. मात्र कडेला फार जाऊ नये. डेम्पस्टर खालचा बर्फ वितळू नये म्हणून खडीच्या जाड भरावावर बांधलेला आहे, आणि भरावाची कड दिसते तेवढी घट्ट नसते.

धूळ दाबण्यासाठी रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. कोरड्या दिवसांत त्याने रस्ता छान कडक राहतो, पण पाऊस पडला की वरचा थर निसरडा होतो. अशा वेळी एक दिवस थांबणे हेच शहाणपणाचे असते. काही ठिकाणी रस्ता रुंद होऊन विमानांच्या आपत्कालीन धावपट्टीचे काम करतो. तेथे फोटोसाठीही गाडी उभी करू नये.

मोबाइल लागत नाही तेथे मदत कशी मागावी?

गावे सोडली की मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून दुतर्फा संदेश पाठवणारे यंत्र एकट्याने जाणाऱ्याला आवश्यक आहे. दुतर्फा हा शब्द महत्त्वाचा. केवळ धोक्याचे बटण असलेल्या यंत्रावरून चाक मोडले आहे की पाय, हे सांगता येत नाही आणि मदत निघाली की नाही हेही कळत नाही. यंत्र गाडीत न ठेवता अंगावर ठेवावे.

निघताना एका विश्वासू व्यक्तीकडे लेखी योजना द्यावी: गाडीचा क्रमांक व रंग, रोजचा मुक्काम आणि संदेश आला नाही तर नेमक्या किती तासांनी, कोणाला कळवायचे. संदेश थोडा उशिरा आला म्हणून शोधपथक निघू नये आणि खरोखर गरज असताना कोणी दोन दिवस वाट पाहत बसू नये, यासाठी ही वेळ आधी ठरलेली असावी. रस्त्यांची ताजी स्थिती युकॉन आणि अलास्का या दोन्हींकडे ५११ या सेवेवर मिळते. रेंज आहे तोवर दररोज ती पाहावी.

अस्वलांचे काय?

ग्रिझली आणि काळे अस्वल या दोन्हींचा हा मुलूख आहे. बहुतेक अस्वले माणसाला टाळतात. अडचण होते ती दोन कारणांनी: अन्नाचा वास आणि अचानक समोरासमोर येणे. अन्न, टूथपेस्ट, साबण, कचरा आणि स्वयंपाकाची भांडी रात्री बंद गाडीत किंवा कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत ठेवावीत. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. चालताना, विशेषतः वाहत्या पाण्याजवळ आणि झुडपांच्या वळणांवर, मोठ्याने बोलत राहावे. एकट्याला हे अवघडल्यासारखे वाटते, तरीही ते करावे, कारण गटाचा आवाज आपोआप होतो आणि एकट्याचा होत नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, विमानात नेता येत नाही, तो तेथे पोहोचल्यावर विकत घ्यावा आणि पाठीवरच्या पिशवीत न टाकता कमरेच्या पट्ट्यावर, हात सहज जाईल असा लावावा. त्याचा पल्ला थोडा असतो, म्हणून अस्वल अंगावर येत असताना ते काही मीटरवर आल्यावरच, किंचित खाली रोखून फवारावे. तंबूवर किंवा कपड्यांवर तो मारण्याचा उलटा परिणाम होतो, कारण सुकलेल्या फवाऱ्याच्या वासाने अस्वले आकर्षित होतात. पळू नये. पिल्लांना किंवा स्वतःला वाचवण्यासाठी ग्रिझलीने अचानक हल्ला करून अंगाला हात घातला तर पालथे पडून मानेमागे हात बांधावेत. पण अस्वल पाठलाग करत आले असेल किंवा तंबूत शिरले असेल तर हाती येईल त्याने लढावे.

कॅनडाची राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी पार्क्स कॅनडा ही संस्था अस्वलांपासून किमान १०० मीटर अंतर ठेवायला सांगते. डेनालीत हेच अंतर सुमारे २७५ मीटर आहे. रस्त्याच्या कडेला अस्वल दिसले तर गाडीतून उतरू नये आणि शक्यतो थांबूही नये, कारण गाड्यांना सरावलेली अस्वले अखेर जिवाला मुकतात.

रात्री तंबूत झोपावे की गाडीत?

एकट्याने जाणाऱ्यासाठी गाडीत झोपण्याची सोय असलेली बरी. काही कॅम्पग्राउंडवर अस्वलांचा वावर वाढला की तंबूंना मनाई होते. क्लुआनी सरोवराकाठी सोपबेरी ही अस्वलांच्या आवडीची फळे पिकण्याच्या काळात हा प्रश्न येतो. युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड साधी आणि सुरेख आहेत, आणि जळाऊ लाकूड शुल्कातच मिळते. कितीही थंडी असली तरी बंद गाडीत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एकट्याने पायवाटांवर जाणे योग्य आहे का?

आखलेल्या, वर्दळीच्या आणि एका दिवसात परतता येईल अशा वाटांवर जरूर जावे. टूमस्टोनच्या माहिती केंद्राजवळच्या वाटा, क्लुआनीतील खुणा केलेल्या वाटा यांसाठी उत्तम आहेत. क्लुआनीत रात्रीच्या मुक्कामाला आत जायचे तर आधी नोंदणी करावी लागते. ज्या वाटेवर हिमनदीचे पाणी पायी ओलांडावे लागते, ती एकट्याने टाळावी, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. दिवसभर बर्फ वितळत गेल्याने सकाळी गुडघ्याला असलेला प्रवाह दुपारनंतर कमरेला येतो आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही.

डास खरोखर इतके असतात का?

होय. जून-जुलैत डोक्यावर घालायची जाळी आणि फिक्या रंगाचे, विणीने घट्ट कपडे लागतात. वाऱ्यावर मोकळ्या जागी मुक्काम केल्याने बराच फरक पडतो.

कॅनडा आणि अलास्का यांच्यातील सीमा ओलांडताना काय लागते?

भारतीय पासपोर्ट असल्यास दोन्ही देशांचे स्वतंत्र व्हिसा लागतात आणि परतताना पुन्हा कॅनडात शिरायचे असल्याने व्हिसावर किती प्रवेश आहेत ते तपासावे. भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी हवी. डॉसन सिटीहून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने जाताना लागणारे सीमा ठाणे फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच उघडे असते. दोन देशांत त्या वेळी एका तासाचा फरक असू शकतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी पोहोचण्याचा बेत करू नये. बेअर स्प्रे प्राण्यांसाठी असल्याचे लेबल असलेलाच न्यावा आणि विचारण्याआधी सांगावा.

हा प्रदेश निर्जन आहे, मग स्थानिकांचा विचार कशासाठी?

तो निर्जन नाही. टूमस्टोन हा ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा, फोर्ट मॅक्फरसन ग्विचिन लोकांचा आणि टुक्टोयाक्टक इनुवियालुइट लोकांचा मुलूख आहे. मासे वाळवण्याच्या झोपड्या आणि नदीकाठचे तळ ही त्यांची वापरातली जागा असते. विचारल्याशिवाय तेथे शिरू नये, माणसांचे फोटो घेऊ नयेत. टुक्टोयाक्टकजवळ आतल्या बर्फाने वर उचलल्या गेलेल्या टेकड्या, ज्यांना पिंगो म्हणतात, पार्क्स कॅनडाच्या संरक्षणात आहेत. त्या दुरून पाहाव्यात. टुंड्रावर उमटलेला चाकाचा माग कित्येक दशके भरून येत नाही. शरदात पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा, म्हणजे तिकडच्या रेनडिअरांचा कळप डेम्पस्टर ओलांडत असेल तर इंजिन बंद करून, पुढची जनावरे पूर्ण पार होईपर्यंत थांबावे.

परत फिरायचे कधी ठरवावे?

निघण्यापूर्वी, घरी बसून, कागदावर. एकट्याच्या निर्णयाला आक्षेप घेणारे शेजारच्या आसनावर कोणी नसते, म्हणून अटी आधी लिहून ठेवाव्यात: एक स्टेपनी वापरली गेली, फेरीबोट वाऱ्यामुळे बंद आहे, पेट्रोल ठरलेल्या पातळीखाली आले किंवा दोन रात्री नीट झोप झाली नाही, तर पुढे जायचे नाही. बेतात दोन-तीन दिवस मुद्दाम रिकामे ठेवावेत, म्हणजे विमानाच्या तारखेसाठी कोणी वादळात गाडी काढणार नाही.

डेम्पस्टर ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या पोलीस अधिकाऱ्याचा संबंध अशाच एका निर्णयाशी आहे. १९१० च्या डिसेंबरमध्ये फिट्झजेराल्ड यांची चौघांची पोलीस तुकडी फोर्ट मॅक्फरसनहून डॉसनकडे कुत्र्यांच्या गाड्यांनी निघाली. वेग साधावा म्हणून त्यांनी शिधा कमी घेतला होता. वाट चुकल्यावर ते दिवसेंदिवस शोधत राहिले आणि मागे वळले तेव्हा परतण्यापुरते अन्न उरले नव्हते. चौघेही दगावले, आणि १९११ च्या मार्चमध्ये जॅक डेम्पस्टर यांना त्यांचे मृतदेह सापडले. आज त्याच प्रदेशातून रस्ता गेला आहे. पण शिधा, इंधन आणि परतीचा हिशेब करण्याची रीत तीच आहे.

प्रवास संपल्यावर गाडीसाठी काय करावे?

पहिल्या मोठ्या गावात ती खालून धुवावी. कॅल्शियम क्लोराइडयुक्त चिखल धातू गंजवतो आणि वाळला की दगडासारखा होतो. चाकाच्या आतल्या बाजूला तो एकीकडे साठला तर डांबरावर वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागते आणि चालकाला वाटते की बेअरिंग गेले. बहुतेक वेळा उच्च दाबाच्या पाण्याने चिखल काढताच थरथर थांबते. रेडिएटरची जाळी, ब्रेकच्या नळ्या आणि दिवे यांवरही पाणी मारावे, एअर फिल्टर झटकून पाहावा किंवा बदलावा, आणि काचेला पडलेला छोटा टवका असेल तर तो पसरण्यापूर्वी राळ भरून घ्यावा. व्हाइटहॉर्स आणि फेअरबँक्स या दोन्ही ठिकाणी ही कामे होतात.